वीज कोणत्या रसायनात ठेवावी?

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात मध्यम शेतकऱ्याच्या घरात आज किमान तीन वेगवेगळी रसायने वीज पुरवण्याच्या कामाला लागलेली असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल, भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलमध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड, मोबाइलमध्ये लिथियम. फवारणीच्या चार्जिंग पंपात काही वर्षांपूर्वीपर्यंत शिसेच असे; आता दुकानदार लिथियमचा पंप पुढे करतो, कारण तो पाठीला हलका पडतो. रानडुकरे आणि हरणे सोयाबीनमध्ये शिरू नयेत म्हणून बांधावर लावलेल्या झटका मशीनला मात्र बहुधा अजून बारा व्होल्टची शिशाचीच बॅटरी असते. इकडे पुण्यातले संशोधक सोडियमच्या बॅटरीवर काम करत आहेत, तर सरकारी योजनेतला सौर कृषी पंप बॅटरीशिवायच चालतो.

वीज साठवायची तर कशात, ही चर्चा संशोधक, उद्योजक आणि धोरण आखणारे यांच्यात गेली पंधरा-वीस वर्षे जोरात आहे. तिची पार्श्वभूमी, तिच्यातल्या बाजू आणि न सुटलेले प्रश्न इथे क्रमाने मांडायचे आहेत. माझे मत आधीच नोंदवतो, म्हणजे वाचकाला ते वजा करून वाचता येईल. व्होल्ट, वजन आणि किंमत यांवर जेवढे बोलले जाते, त्याच्या निम्मेही बॅटरी मेल्यानंतर तिचे काय होते यावर बोलले जात नाही. तालुक्याच्या पातळीवर मात्र निकाल बराचसा तिथे लागणार आहे.

उष्णता की वीज

रासायनिक बदलात ऊर्जेची देवघेव होते, हे गावात पुस्तकाआधी हाताला कळते. चुनकळी पाण्यात टाकली की ती फसफसते आणि भांडे हात लावू देत नाही. ५६ ग्रॅम चुनकळी विरताना सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. फवारणीसाठी युरिया बादलीत विरघळवला की उलटे होते, बादली बाहेरून गार लागते. (काटेकोर बोलायचे तर युरियाचे विरघळणे ही रासायनिक अभिक्रिया नव्हे, ऊर्जेचा हिशेब मात्र त्याच पद्धतीने मांडतात.) पहिला बदल ऊष्मादायी, दुसरा ऊष्माग्राही. जुने बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे जुळताना ती सुटते, आणि दोन्हींच्या वजाबाकीतून जे उरते ते गरम किंवा गार होऊन जाणवते.

आता मोरचूद घ्या, बोर्डो मिश्रणातला तोच निळा खडा. त्याच्या द्रावणात जस्ताचा तुकडा टाकला तर निळा रंग हळूहळू फिका होतो, जस्तावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि द्रावण तापते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, तांब्याचा आयन ते घेतो. ६५ ग्रॅम जस्त असे संपले की सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता मिळते आणि ती हवेत जाते.

देणारा आणि घेणारा एकमेकांना थेट भेटू दिले नाहीत, तर याच अभिक्रियेतून वीज मिळते. जस्त एका बाजूला त्याच्या द्रावणात, तांबे दुसऱ्या बाजूला मोरचुदाच्या द्रावणात, मध्ये आयनांना वाट देणारा सच्छिद्र पडदा आणि बाहेरून जोडणारी तार. इलेक्ट्रॉनांना आता तारेतूनच जावे लागते आणि जाता जाता ते दिवा लावतात. जस्ताकडे ऑक्सिडीकरण, तांब्याकडे क्षपण. जॉन डॅनिएल याने १८३६ मध्ये केलेला घट हाच, त्याचा दाब १.१ व्होल्ट. त्याच ६५ ग्रॅम जस्तापासून या मांडणीत जास्तीत जास्त २१२ किलोज्यूल विजेच्या रूपात काढता येतात, म्हणजे ५९ वॅट-तास. ९ वॅटचा एलईडी दिवा साडेसहा तास चालेल एवढे. उरलेले सात किलोज्यूल उष्णतेच्या वाट्याला जातात आणि कितीही कौशल्य लावले तरी ते परत मिळत नाहीत.

२१९ आणि २१२ मधली ही लहानशी तफावत कुठून येते, हे उलगडायला शास्त्रज्ञांना जवळजवळ शतक लागले.

मिटलेले दोन वाद

पहिला वाद वीज येते कुठून यावर होता. इटलीत लुइजी गॅल्व्हानी याला मेलेल्या बेडकाचा पाय दोन धातूंच्या स्पर्शाने आखडताना दिसला. १७९१ मध्ये त्याने लिहिले की वीज प्राण्याच्या शरीरातच असते. अलेस्सांद्रो व्होल्टा याला ते पटले नाही. वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येते, बेडूक फक्त ती दाखवतो, असे त्याचे म्हणणे होते. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात त्याने आपल्या चकत्यांच्या चवडीचे वर्णन केले: धातूंच्या जोड्या आणि मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले कापडाचे वा पुठ्ठ्याचे तुकडे. सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती पहिल्यांदा अशी आली.

व्होल्टाच्या उत्तरातही एक खोट होती. नुसत्या स्पर्शाने वीज मिळत असेल तर ती फुकट मिळते, काहीही खर्च न होता. पण चवडीतले जस्त तर झिजत होते. ते झिजणे हेच कारण, असे म्हणणाऱ्यांचा रासायनिक पक्ष उभा राहिला, आणि स्पर्शवादी व रसायनवादी यांच्यात अनेक दशके हुज्जत चालली. मायकेल फॅरडे याने १८३३-३४ मध्ये दाखवून दिले की किती वीज वाहिली आणि किती पदार्थ बदलला यांचे प्रमाण पक्के आहे. पदार्थ खर्च झाल्याशिवाय वीज नाही. बॅटरीच्या अंगावर छापलेला ॲम्पिअर-तासांचा आकडा हा फॅरडेचाच जमाखर्च आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मान्य झाल्यावर स्पर्शवाद्यांची बाजू लंगडी पडली. धातूंच्या सांध्यावर विभवाचा फरक खरोखरच असतो, एवढे त्यांचे निरीक्षण मात्र पुढच्या भौतिकशास्त्राने जपून ठेवले. व्होल्टा सपशेल चुकला असे जे शाळेत सांगितले जाते, ते म्हणून अर्धेच खरे.

दुसरा वाद कमी परिचित आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. अभिक्रियेची सगळी उष्णता घटात विजेत बदलते, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाला. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने त्या हिशेबाने डॅनिएल घटाचा दाब काढला आणि तो मोजलेल्या दाबाशी बराच जुळला. वर पाहिलेच की त्या घटात २१९ आणि २१२ हे आकडे इतके जवळ आहेत की चूक लपून जाते. इतर घट मोजायला घेतल्यावर गणित बिघडू लागले. काही घट हिशेबापेक्षा कमी वीज देत होते, काही चक्क जास्त. अमेरिकेत विलार्ड गिब्ज याने १८७० च्या दशकात आणि जर्मनीत हेल्महोल्ट्झ याने १८८२ मध्ये याचे उत्तर दिले. अभिक्रियेत उष्णतेखेरीज विस्कळीतपणाचाही हिशेब असतो. घटातून किती वीज निघेल हे ठरवते ती मुक्त ऊर्जा. एकूण उष्णतेपेक्षा ती कमी असू शकते, तशी जास्तही.

जास्त कशी, याचे उदाहरण इन्व्हर्टरखालीच आहे. शिशाची बॅटरी वीज देत असताना तिच्यातली अभिक्रिया आजूबाजूची थोडी उष्णता शोषून घेते आणि तिचीही वीज करते. चार्ज होताना ती उष्णता परत बाहेर टाकते. प्रत्यक्षात आतल्या रोधामुळे निर्माण होणारी ऊब या गारव्याला झाकून टाकते, म्हणून हाताला ते कळत नाही. चार्जिंगच्या वेळी मात्र दोन्ही उष्णता एकत्र येतात, आणि उन्हाळ्यात बॅटरी तापण्याचे एक कारण तिथे आहे.

वॉल्टर नर्न्स्ट याने १८८९ मध्ये आपले समीकरण मांडले, त्यातून द्रावणाची तीव्रता आणि दाब यांचे नाते स्पष्ट झाले. बारावीच्या रसायनशास्त्रात हे सगळे दोन लागोपाठच्या प्रकरणांत येते. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मधून घडलेली मुले ही उदाहरणे घड्याळ लावून सोडवतात. प्रश्नपत्रिकेतला घट कधी जुना होत नाही, तापत नाही आणि भंगारातही जात नाही. आजचा वाद नेमका या तीन गोष्टींवर आहे.

इथे बॅटरी कशी आली

मराठवाड्याच्या खेड्यात रसायनातली वीज आधी आली ती टॉर्च आणि ट्रान्झिस्टरमधून. त्यांतला कोरडा सेल हा फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये केलेल्या घटाचा वंशज. बाहेरचे जस्ताचे डबडे हेच ऋण टोक, मधली कार्बनची कांडी धन टोक, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड, दाब दीड व्होल्ट. त्यासाठी लागणारे शुद्ध मँगनीज डायऑक्साइड महाराष्ट्रातही तयार होते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग इथे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचा त्याचा कारखाना आहे. हा सेल एकदाच चालतो. संपला की फेकायचा, म्हणून साठवणुकीच्या वादात तो नाही.

पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केली, तीही शिशाचीच. आपल्याकडे ती गाडी-ट्रॅक्टरमधून आली आणि घरात शिरली ती भारनियमनामुळे. २००५ मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण कंपनी झाली. त्या सुमारास आणि पुढची काही वर्षे ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास लाइन नसे. दवाखाने, झेरॉक्सची दुकाने, पतसंस्था आणि मग घरे, असा इन्व्हर्टर पसरत गेला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकणारा, ‘ट्युब्युलर घ्या, प्लेटा टिकतात’ म्हणणारा आणि जुनी बॅटरी घेऊन नवी देणारा दुकानदार तालुक्याच्या ठिकाणी उभा राहिला. या माणसाला वादात फारसे कोणी विचारत नाही. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

भारनियमन कमी झाले, पण शेतीची वीज अजून पाळीनेच येते: आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. घरणी आणि साकोळ प्रकल्पांचे पाणी जवळ असलेल्या शिवारांतही रात्रीच्या पाळीला दार धरायला जावेच लागते. साठवणुकीचा प्रश्न इथे चैनीचा नसण्याचे कारण हे.

आजच्या बाजू

पहिली बाजू शिशाची. या बॅटरीचे रसायन दीडशे वर्षे पारखलेले आहे. दोन्ही पाट्यांवर शेवटी लेड सल्फेट तयार होते आणि चार्ज करताना ते मागे फिरते; एका घटाचा दाब दोन व्होल्टच्या किंचित वर, सहा घट मिळून बारा. सैद्धांतिक हिशेबाने एका किलोमागे १७० च्या आसपास वॅट-तास मिळायला हवेत, हाती येतात ३० ते ४०. बाकीचे वजन जाळ्या, पाणी, डबा आणि कधीच वापरात न येणारे शिसे यांचे. १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते, वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि आयुष्य टिकवायचे तर त्यातली निम्मी वीजच वापरावी असे जाणकार सांगतात. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग बॅटरी ‘बसते’. हंगाम संपल्यावर कोपऱ्यात ठेवलेले फवारणी पंप याच कारणाने मरतात.

तरीही तिची बाजू घेणाऱ्यांकडे ठोस मुद्दे आहेत. घेतानाची किंमत कमी. बिघाड कळतो आणि गावात दुरुस्त होतो. आग लागण्याची भीती जवळजवळ नाही, चार्जिंगच्या वेळी सुटणाऱ्या हायड्रोजनसाठी हवा खेळती ठेवली की पुरते. शिवाय मेल्यावरही तिला भाव असतो, कारण शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते.

दुसरी बाजू लिथियमची. एम. स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या कामातून ही बॅटरी घडली. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शिशाच्या बॅटरीत पाट्यांचे रसायनच बदलते. इथे लिथियमचे आयन एका कणगीतून काढलेल्या धान्यासारखे दुसऱ्या कणगीत जाऊन बसतात आणि कणग्या जागच्या जागी राहतात. झीज त्यामुळे कमी होते. गावात येणाऱ्या इन्व्हर्टर आणि पंपांच्या बॅटऱ्यांत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट असते. त्याचे संशोधन १९९७ मध्ये गुडइनफ यांच्याच गटातून प्रसिद्ध झाले, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाधी हे भारतीय वंशाचे. एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट, किलोमागे ९० ते १६० वॅट-तास, आणि हजारो वेळा भरून-उतरवून चालण्याची क्षमता. शंभर वॅट-तास घातले तर नव्वदहून अधिक परत मिळतात. शिशाच्या बॅटरीत पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी.

किंमत हा आक्षेप आता पूर्वीइतका टिकत नाही. २०१० च्या सुमारास जगातल्या लिथियम बॅटऱ्यांची सरासरी किंमत किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ती ११५ डॉलरच्या आसपास आली. दोन आक्षेप मात्र टिकून आहेत. एक आयातीचा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० गिगावॅट-तास क्षमतेचे कारखाने उभे राहावेत म्हणून १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना काढली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमच्या अनुमानित साठ्याची घोषणा झाली. पण अनुमानित साठा आणि खाणीतून निघालेला माल यांत अंतर मोठे असते. दुसरा आक्षेप आगीचा. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर देशात अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या, पुण्यातही. त्यानंतर बॅटरी सुरक्षेचे निकष कडक झाले आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. इथे ‘लिथियम’ म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही. निकेल-कोबाल्टच्या ऑक्साइडांमधून जास्त तापल्यावर ऑक्सिजन सुटतो, आतला ज्वालाग्राही द्रव त्यावर पेटतो आणि ऊष्मादायी अभिक्रियांची साखळी थांबत नाही. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही.

तिसरी बाजू सोडियमची, आणि ती महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहे. पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. त्यामागे पुण्याच्या आयसर संस्थेचे सहकार्य होते. संशोधनाचे नेतृत्व प्रा. सतीशचंद्र ओगले यांचे. किलोमागे १०० ते १७० वॅट-तास आणि तीन ते सहा हजार चक्रे, असा कंपनीचा दावा आहे. सोडियम मिठातून मिळतो, त्यामुळे खाणींचे आणि आयातीचे राजकारण टळते. ऋण टोकासाठी लागणारा कठीण कार्बन वनस्पतींच्या अवशेषांपासून करता येतो. तुराट्यांचे ढीग रचणाऱ्या लातूर जिल्ह्याने या वाक्याकडे जरा थांबून पाहायला हरकत नाही. शिवाय या बॅटरीत दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची पातळ पत्री चालते. लिथियमला एका बाजूला महाग तांब्याची लागते.

सोडियमची अडचण बाजाराने केली. २०२२ मध्ये लिथियमचे भाव आकाशाला भिडले होते, तेव्हा सोडियम स्वस्त ठरणार हे उघड दिसत होते. पुढच्या दीड वर्षात लिथियम कार्बोनेट कोसळले आणि तो फायदा मोठ्या प्रमाणात विरला. कारखान्यातून लाखोंच्या संख्येने माल निघेपर्यंत हा दावा पारखता येणार नाही, असे तटस्थ निरीक्षक म्हणतात. मला ते रास्त वाटते.

चौथी बाजू म्हणते, बॅटरी हवीच कशाला? शेतीला वीज दिवसा लागते आणि सूर्य दिवसाच असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची २०२३ मधली दुसरी आवृत्ती याच विचारावर उभी आहे: शेतीच्या वाहिन्या सौर प्रकल्पांना जोडा आणि दिवसा वीज द्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची असते आणि पंप पॅनेलवर थेट चालतो. साठवायचे ते पाणी. मोठ्या प्रमाणावर साठवायचे तर तेही पाण्यातच, असे या पक्षाचे म्हणणे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून रात्रीच्या विजेने पाणी वर चढवून मागणीच्या वेळी सोडतो. पण ढगाळ जुलैत, मुगाला किंवा सोयाबीनला ताण पडला असताना थेट पंप किती पाणी देतो, हे या बाजूला विचारावे लागते. रात्रीच्या दिव्याचे तर ती उत्तरच देत नाही.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. इंधन घटात हायड्रोजन आणि ऑक्सिजनची मुक्त ऊर्जा थेट विजेत येते, उष्णतेच्या ८३ टक्क्यांपर्यंत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागातून घडलेली हायड्रोजनवरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखवली गेली. पण वीज घालून हायड्रोजन करायचा आणि पुन्हा वीज करायची, यात निम्म्याहून अधिक ऊर्जा वाटेत जाते. अवजड वाहतुकीत त्याला जागा असेल. तालुक्याच्या साठवणुकीत तूर्त दिसत नाही.

न सुटलेले

उन्हाचा प्रश्न पहिला. बॅटरीची क्षमता आणि आयुष्य २५ ते २७ अंशांवर मोजून छापतात. लातूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून पुढे. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, हा जुना ठोकताळा सर्वमान्य आहे. लिथियम फॉस्फेट आणि सोडियम यांचीही झीज उन्हाने वाढते, पण किती, यावर निर्मात्यांचे आकडे आणि स्वतंत्र चाचण्या एकमेकांशी सहज जुळत नाहीत. प्रयोगशाळेतले चक्र नियमित असते. शेतातली बॅटरी चार महिने राबते, आठ महिने पडून राहते, आणि तिच्यावर धूळ, कीटकनाशक आणि पाऊस हे सगळे येते. छापलेली ‘तीन हजार चक्रे’ अशा वापरात किती वर्षे होतात, हे सांगणारी मोजणी तालुक्याच्या पातळीवर व्हायला हवी.

दुसरा प्रश्न सौर पंपांच्या उरलेल्या विजेचा. पाच अश्वशक्तीच्या पंपाला जवळपास पाच किलोवॅटचे पॅनेल असते आणि पाणी द्यायचे नसेल तेव्हा ते नुसते तापत राहते. त्या विजेवर कडबाकुट्टी, गिरणी किंवा बॅटरी चार्जिंग करता येईल अशी नियंत्रक पेटी केंद्र सरकारच्या कुसुम या सौर पंप योजनेत मान्य आहे. प्रत्यक्षात ती परवडते का, चोरी-दुरुस्तीचे काय आणि ग्रिडला जोडणे त्यापेक्षा सोयीचे का, याबद्दल एकमत नाही. मोठ्या प्रकल्पांनी दिशा दाखवली आहे. गोंदियाच्या पलीकडे, छत्तीसगडच्या राजनांदगावात २०२४ पासून सौर प्रकल्पाला १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडलेली आहे, संध्याकाळच्या मागणीसाठी. उपकेंद्राच्या पातळीवर अशी बॅटरी ठेवावी की घरोघरी, हा वाद आता सुरू होतो आहे.

तिसरा प्रश्न मेलेल्या बॅटरीचा. शिसे विषारी, हे निर्विवाद. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याजोगे आहे, त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. बॅटऱ्या उघड्यावर फोडून, ॲसिड मातीत ओतून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या हे त्याचे एक मोठे कारण. आणि तरीही शिशाची बॅटरी नाल्यात पडलेली कधी दिसत नाही. तिला भाव आहे, म्हणून भंगारवाला ती शोधत दारी येतो. दुकानदार जुनी घेतल्यावर नवीचे पैसे कमी करतो. तिचा परतीचा रस्ता आहे. तो रस्ता घाणेरडा आहे, ही खरी तक्रार.

लिथियम फॉस्फेटचे याच्या उलट. त्यात शिसे नाही, कोबाल्ट-निकेलही नाही, म्हणून ती सुरक्षित आणि स्वस्त; पण नेमक्या त्याच कारणाने भंगारात तिच्यातून काढण्यासारखे मौल्यवान फारसे उरत नाही. सोडियमच्या बॅटरीत तर तांबेही नाही. करायला जितकी स्वस्त, गोळा करायला तितकी तोट्याची. फेकलेल्या पॅकमध्ये थोडी वीज उरली असेल आणि तो कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला तर पेट घेऊ शकतो, हा धोका वेगळा. प्रयोगशाळेच्या तक्त्यात शिसे हरते आणि फॉस्फेट जिंकते. त्या तक्त्यात परतीचा रकाना घातला तर निकाल इतका सरळ राहत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी २००१ चे नियम मागे टाकले. जुने नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नवे सर्व प्रकारांना लागू आहेत आणि गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. पुनर्वापर करणाऱ्याने किती साहित्य परत मिळवावे याची किमान टक्केवारीही त्यांत आहे. उत्पादकाने प्रमाणपत्रे विकत घेऊन जबाबदारी पार पाडण्याचीही सोय आहे. समर्थक म्हणतात, बाजाराला हात न लावता काम होईल. टीकाकार म्हणतात, प्रमाणपत्र मोठ्या शहरातल्या मालावर मिळेल आणि दूरच्या तालुक्यातला माल तसाच पडून राहील. दोन्ही बाजूंना पुरावा अजून अपुरा आहे, कारण नियमांनंतर विकलेला लिथियमचा माल मोठ्या संख्येने मरणाला आलेलाच नाही.

नियमांत ग्राहकाकडून आधी ठेव घेऊन बॅटरी परत केल्यावर ती फेडण्याची किंवा जुनी विकत घेण्याची मुभा आहे, सक्ती नाही. ठेव घेतली तर पंपाची किंमत वाढते आणि ती शेतकऱ्याला त्याच दिवशी दिसते. न घेतली तर जुनी बॅटरी दुकानापर्यंत आणण्याचे त्याला कारण राहत नाही. शिरूर अनंतपाळ, येरोळ, साकोळ या गावांतल्या दुकानांतून आज विकले जाणारे लिथियमचे फवारणी पंप काही हंगामांनी बसू लागतील. ते परत घ्यायला तोच दुकानदार लागेल जो शिशाच्या बॅटऱ्या घेतो, आणि किलोमागे त्याला कोण किती देणार, हे अजून कोणत्याही योजनेत लिहिलेले नाही.